वाढदिवसांची वाटणी

वडवणीतल्या मन्मथप्पा किराणावाल्यांचा थोरला मुलगा सिद्धाराम अंबाजोगाईहून बी.कॉम. होऊन परतला, तो एस.टी.च्या टपावर एक कॉम्प्युटर बांधूनच. मन्मथप्पांनी खोकी साखरेच्या पोत्यांशेजारी उतरवून घेतली, चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं,

"हे चालतं कशावर?"

"लाइटीवर."

"मग वडवणीत कावून आनलं?"

या प्रश्नाचं उत्तर सिद्धारामला पुढची बरीच वर्षं सापडलं नाही. दुकानाच्या माडीवर त्याने 'शिवकृपा कॉम्प्युटर्स' काढलं. वडवणी नुकती तालुक्याची झाली होती, तहसील आली होती, त्यामुळे टायपिंगला गिऱ्हाईक होतं. पण लाइट सकाळी जायची ती दुपारी यायची, आणि दुपारी आलेली चहा उकळेपर्यंत परत जायची. क्लासच्या पाटीवर 'वेळ' या शब्दापुढे त्याने आधी सकाळी लिहिलं, मग ते पुसून संध्याकाळी लिहिलं, आणि शेवटी 'लाइट असेल तेव्हा' एवढं लिहून मोकळा झाला. मुलांना ते पटलं. गल्लीत कुणाचाही पंखा फिरायला लागला की पोरं जिना चढून वर येत, आणि पंखा थांबला की उतरून आपापल्या कामाला जात.

सिद्धाराम कुणाला नाही म्हणायचा नाही. 'बघतो' म्हणायचा, आणि पंचाईत अशी की खरंच बघायचा. बायको शिवांजली अंबाजोगाईचीच, हिशोबी आणि मोकळ्या तोंडाची. ती म्हणायची, "तुमच्या बघतोनं आपलं घर चाललंय आन् तुमच्या बघतोनंच ते एक दिवस बसनार हाय." ती वर मुलांना टायपिंग शिकवी आणि खाली सासऱ्यांना गल्ल्यावर मदत करी. दोन्हीकडे तिचाच शब्द शेवटचा असे.

असं सगळं बरं चाललेलं असताना तालुका दूध संघाचे अध्यक्ष विजयसिंह भैय्यासाहेब यांच्या फोनवर त्यांच्या वाढदिवसाला एक मेसेज आला. मुंबईतल्या एका बड्या पुढाऱ्याच्या नावाचा. 'आपणास उदंड आयुष्य लाभो.' भैय्यासाहेबांनी तो आठवडाभर येईल त्याला दाखवला. मग बीडला एका लग्नात कळलं, की तसाच मेसेज तिथल्या तीन जणांना आपापल्या वाढदिवसाला आलेला आहे, आणि त्यांतला एक तर विरोधी पार्टीचा आहे. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. भैय्यासाहेबांना विधानसभेचं तिकीट हवं होतं. त्यांनी सिद्धारामला बोलावून घेतलं.

"हे मशीन करतंय म्हनं."

"व्हय, भैय्यासाहेब."

"मग आपन बी करू. संघाच्या सगळ्या सभासदांचे अर्ज हायेत, त्येच्यात जन्मतारीख हाय, फोन नंबर हाय. ज्येचा वाढदिवस, त्येला सकाळी माझा मेसेज गेला पायजे. रोज. लाइट असो नसो."

सिद्धाराम म्हणाला, "बघतो."

लाइट असो नसो, हीच अडचण होती. रोज सकाळी कॉम्प्युटर लावून मेसेज पाठवायचे म्हटलं तर निम्म्या लोकांचे वाढदिवस लोडशेडिंगमध्येच गेले असते. पण दूध संघाची वेबसाइट सिद्धारामनेच बनवली होती, आणि ती वडवणीत नव्हती. ती अमेरिकेतल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेत होती. त्या जागेचा कारभार पाहायचं एक पान होतं, त्यावर बरीच चित्रं होती, आणि त्यांत एक घड्याळाचं चित्र होतं. ते त्याने आजवर कधी दाबलं नव्हतं. दाबलं, तर आत पाच चौकटी निघाल्या. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. खाली एक लांब चौकट, तिच्यात काम लिहायचं. म्हणजे सालगड्याला सांगावं तसं सांगून ठेवायचं, अमुक वेळेला ऊठ आणि अमुक कर. पुढे तो सर्व्हर आपणहून उठणार, काम करणार, परत पडून राहणार. तिकडे लाइट जात नाही.

सिद्धाराम त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत बसला. वडवणीत कॉम्प्युटर कशाला आणला याचं उत्तर मिळाल्यासारखं त्याला वाटलं. तो वडिलांना सांगायला खाली गेला, तर ते गूळ तोलत होते. तो परत वर आला.

मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला वाचून दाखवायची कामाची यादी, त्याने इंटरनेटवरच्या एका ओळख नसलेल्या मद्रासी माणसाकडून मागून घेतली आणि आपल्या कामापुरती ठाकठीक केली. तिचं काम साधं होतं. यादी बघायची, आज ज्यांची जन्मतारीख आहे त्यांना एकामागून एक मेसेज पाठवायचे, आणि सगळे संपले की शेवटी 'आजचं झालं' अशी खूण करायची. एखाद्या वेळी गडबड झाली तर काम राहू नये म्हणून त्याने ती दिवसा दर तासाला उठवायची ठेवली. खूण दिसली तर काही न करता परत झोपायचं, नाही दिसली तर पहिल्यापासून लागायचं. सभासदांची नावं क्लासच्या पोरींनी अर्जांचे गठ्ठे सोडून भराभर टाइप केली. पहिल्या दिवशी सकाळचे मेसेज संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला गेले, कारण सर्व्हरचं घड्याळ अमेरिकेचं होतं. तेवढं त्याने दुरुस्त केलं आणि दिवाळीच्या पाडव्यापासून योजना सुरू झाली.

रोज चार-पाच लोकांना मेसेज जाई. इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण मराठी अक्षरं गावाकडच्या फोनवर नुसत्या चौकोनांसारखी दिसत. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपलाच, विजयसिंह भैय्या.' वडवणीच्या शाळेतल्या एका शिपायाने तो मेसेज जाऊ नये म्हणून बिघडलेला फोन बदलला नाही. दिंद्रुडच्या बाजारात एका आडत्याने भैय्यासाहेबांना मिठी मारली. भैय्यासाहेब म्हणाले, "अरे, तुझा वाढदिवस इसरीन का मी?" आणि गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला विचारलं, "कोन होता बे हा?"

असे सहा-सात महिने सुखाचे गेले. मग एक जून उजाडला.

त्या दिवशी रविवार होता. सिद्धाराम सकाळी देवळातून येऊन दुकानात बसला होता. तेवढ्यात भैय्यासाहेबांच्या पत्नी विजयमालाबाई यांचा फोन आला. या बाई कधी फोन करत नसत.

"सिद्धाराम, आमच्या दादाला माझ्या मालकाचे चार मेसेज आलेत. वाढदिवसाचे. चारी एकसारखे."

"बघतो, वैनीसाहेब."

"दादा म्हनतो, दाजींची तब्येत बरी हाय ना?"

सिद्धाराम जिना चढून वर गेला. लाइट नव्हती. बॅटरीवर कॉम्प्युटर लावला, तर इंटरनेट लागेना. तास गेला. विजयमालाबाईंचा परत फोन आला, आता पाच झाले होते, आणि दादालाच नाही, त्यांच्या माहेरच्या अख्ख्या खडकवाडीला पाच-पाच झाले होते. चुलत्याला आला होता. पुजाऱ्याला आला होता. गावात लोक एकमेकांना फोन दाखवत पारावर जमले होते.

दुपारी इंटरनेट लागलं तेव्हा सिद्धारामने यादी उघडली आणि एक जूनची नावं काढली. पडद्यावर नावं येत राहिली. तो खाली सरकवत राहिला, नावं येतच राहिली. दूध संघाच्या निम्म्याहून जास्त सभासदांचा वाढदिवस एक जूनला होता.

झालं होतं ते असं. स्क्रिप्ट वेळेवर उठली, एक जूनवाल्यांना मेसेज पाठवू लागली. पण सर्व्हरच्या कंपनीचा नियम होता, एका कामाला ठरावीक वेळाच्या वर चालू द्यायचं नाही. वेळ संपली, कंपनीने स्क्रिप्टला मध्येच झोपवलं, शेवटची खूण राहून गेली. पुढच्या तासाला ती उठली, खूण दिसेना, इमानदारीत पहिल्यापासून लागली. यादीत सगळ्यात वरचा गठ्ठा खडकवाडीचा होता, कारण सासुरवाडीचे अर्ज भैय्यासाहेबांनी मानाने सगळ्यांत आधी दिले होते. त्यामुळे खडकवाडीला तासातासाला शुभेच्छा जात होत्या आणि बाकीच्या गावांना एकही नाही.

सिद्धारामने घड्याळाचं चित्र दाबून काम थांबवायला घेतलं. तेवढ्यात पडदा पांढरा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली. हे अकाउंट सस्पेंड करण्यात आलं आहे. कंपनीनेच दार लावून घेतलं होतं.

आता वडवणी तालुक्यात इंग्रजी न येणारे पुष्कळ आहेत, पण सस्पेंड हा शब्द न येणारा एकही नाही. तलाठी सस्पेंड होतो, ग्रामसेवक होतो, एस.टी.चा कंडक्टर होतो. विरोधी पार्टीच्या पोरांनी बीडच्या इंटरनेट कॅफेत दूध संघाची वेबसाइट उघडली, त्या ओळीची प्रिंट काढली, झेरॉक्सवर मोठी केली आणि सोमवारी सकाळी बसस्टँडवर चिकटवली. दुपारपर्यंत दूध संघाच्या आवारात माणसं जमली होती. भैय्यासाहेब गादीवर बसले होते. सिद्धाराम समोर उभा राहिला.

"मला कोनी सस्पेंड केलं बे?"

"तुमाला न्हाई, भैय्यासाहेब. खात्याला."

"दूध खात्याला?"

"न्हाई. आपल्या कॉम्प्युटरच्या खात्याला. अमेरिकेतल्या कंपनीनं."

भैय्यासाहेब गादीवरून उठले. मग बाहेर जाऊन लोकांना म्हणाले, "आपल्या दूध संघाचं नाव अमेरिकेपोतर गेलंय. तिकडं जळायलेत लोक." लोक पांगले. आत येऊन ते सिद्धारामला म्हणाले, "सासुरवाडीचा मुख्यमंत्री म्हनायलेत मला. ज्यांना मेसेज गेला न्हाई ते रुसलेत. त्यांना आता पुढच्या जूनपोतर थांबवू का मी? ह्ये एक जून कावून झालंय ते बघ आन् खऱ्या तारखा काढ."

"बघतो," सिद्धाराम म्हणाला.

पहिल्यांदा त्याने अमेरिकेच्या कंपनीला माफीचं पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं, की इतक्या माणसांचा एकाच दिवशी वाढदिवस असणं शक्य नाही, ही माणसं खरी आहेत याचा पुरावा द्या. सिद्धारामने डिक्शनरी घेऊन दुसरं पत्र लिहिलं. 'महोदय, माणसं खरी आहेत. फक्त वाढदिवस खोटे आहेत.' कंपनीने त्यावर काय विचार केला ते कळलं नाही, पण दोन दिवसांनी दार उघडलं. अट घातली, एका दिवशी मोजकेच मेसेज. सिद्धारामने स्क्रिप्टही सुधारली. आता ती प्रत्येक मेसेजनंतर खूण करणार होती. ती अक्कल आधी का आली नाही, असं शिवांजलीने विचारलं.

मग तो राधाकिशन गुरुजींकडे गेला. गुरुजी आसपासच्या खेड्यांतल्या शाळांवर हेडमास्तर म्हणून राहिलेले, आता निवृत्त. घरासमोरच्या ओट्यावर सुपारी कातरत बसायचे.

"गुरुजी, एवढ्या लोकांचा वाढदिवस एक जून कसा?"

"मी लिहिला," गुरुजी म्हणाले.

"सगळ्यांचा?"

"माझ्या आधीच्या मास्तरानं बी तोच लिहिला, नंतरच्यानं बी तोच लिहिला. आई पोराला धरून आनायची. कधी झालं म्हनून विचारावं तर म्हनायची, म्हैस व्यालती त्या साली. आता म्हैस कधी व्याली ते मला कुठून ठाऊक? पोराचा हात डोक्यावरून पल्याडच्या कानाला लागला की सहा वर्षांचं झालं समजायचं. शाळा जूनमधी उघडायची. पहिली तारीख सोपी."

"मग खरी तारीख कुठं सापडंल?"

"कुठंच न्हाई." गुरुजींनी सुपारी तोंडात टाकली. "तू बी लिहून टाक एखादी. मला चाळीस वर्षांत कुनी काय म्हनलं न्हाई."

सिद्धारामला ते पटलं नाही. तो स्कूटर घेऊन खेड्यांत हिंडला. एकाने सांगितलं, मी दुष्काळात झालो. कोणत्या महिन्यात, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दुष्काळाला महिना असतो का?" दुसऱ्याने सांगितलं, पोळ्याच्या दिवशी. त्याचा भाऊ म्हणाला, पोळ्याच्या दिवशी मी झालो, तू नंतरचा. दोघांची तिथेच जुंपली आणि सिद्धारामला सोडवासोडव करावी लागली. तिसऱ्या गावाच्या वेशीवरून त्याने स्कूटर वळवली.

रात्री जेवताना शिवांजली म्हणाली, "वाटून टाका ना वर्षभर."

"काय?"

"वाढदिवस. कंपनी म्हनते मोजके, मग रोज मोजके द्या. कुनाला माहीत हाय खरा कोनता ते?"

"खोटं होईल ते."

"आन् एक जून खरा हाय?"

पुढचे काही दिवस नवरा-बायको भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून माडीवर बसले. तो नावं वाचायचा, ती दिवस द्यायची. तिने पहिल्यांदाच सांगून टाकलं, अमावस्येला कुणाचा नको, पितरांच्या पंधरवड्यात नको. पोळ्याला चालेल, पण थोड्यांनाच, तो बैलांचा दिवस. एका घरातल्या दोघांना एक दिवस नको, एकाचं कौतुक झालं तर दुसऱ्याचं राहतं. सासू-सुनेला एका आठवड्यात नको. सिद्धाराम म्हणाला, "सर्व्हरला तिथी कळत न्हाई. पुढच्या वर्षी अमावस्या सरकल."

"मग पुढच्या वर्षी बगा," शिवांजली म्हणाली.

भैय्यासाहेबांना त्याने एवढंच सांगितलं, की तारखा निघाल्या. भैय्यासाहेबांनी कशा निघाल्या ते विचारलं नाही.

नवे मेसेज जायला लागले त्या आठवड्यात सिद्धाराम दुकानात बसायचं टाळत होता. चौथ्या दिवशी पंक्चरवाला बद्रीनाथ आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"सिद्धाप्पा, माझा वाढदिवस आज निघाला म्हनं."

"व्हय."

"तुमाला कसं कळलं?"

"कॉम्प्युटरमधी आलं," सिद्धाराम म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच लहान वाटला.

"मला वाटलंच. आई म्हनायची थंडीत झालास, शेकोटीजवळ झालास. पन तिला तरी काय कळायचं बिचारीला."

बद्रीनाथच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती जे एक सांगून गेली होती, तेही आपण खोडलं, असं सिद्धारामला वाटलं. तो घाईने म्हणाला, "आईचंच खरं धरा. मी थंडीतली तारीख टाकून देतो. आत्ता टाकतो."

"आता कावून?" बद्रीनाथ म्हणाला. "पेढे वाटले ना मी." आणि पुडा पुढे केला.

तो पेढा सिद्धारामने खाल्ला. चांगला होता. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, आणि शिवांजलीने विचारल्यावर त्याने पेढ्यावर ढकललं.

बाकी कुणालाच काही वाटत नव्हतं. उलट लोकांना आपापला दिवस आवडू लागला. एकाने आपल्या तारखेचा आकडा मोटरसायकलच्या नंबरात मागून घेतला. पंडित बेकरीवाला आजवर खारी आणि टोस्टवर भागवत होता, त्याने केकसाठी भट्टी वाढवली. काहीजण तारीख बदलून मागायला येत. एकाची वडिलांच्या वर्षश्राद्धाला आली होती. एकीला नवऱ्याच्या आधी हवी होती. सिद्धाराम बदलून देई.

दसरा झाला तशी निम्मी खेडी ऊसतोडीला गेली. ट्रॅक्टरवर संसार चढवून माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे गेली, आणि त्यांचे वाढदिवस मागोमाग तिकडे पोचले. एक दिवस अनोळखी नंबरावरून फोन आला. फडातून बोलत होता, मागे उसाच्या पानांची सळसळ ऐकू येत होती.

"सिद्धाप्पा, आज माझा वाढदिवस हाय असा मेसेज आलाय. मुकादम सुट्टी देईना. तुमी सांगा, मेसेज खरा हाय म्हनून."

मुकादम फोनवर आला. सिद्धारामने घसा साफ केला आणि सांगितलं, की होय, यादीत आहे, आज त्यांचा वाढदिवस आहे.

"आन् माझा?" मुकादमाने विचारलं.

मुकादम यादीत नव्हता. सिद्धाराम म्हणाला, "बघतो," आणि त्याला पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला. तोडकऱ्याला अर्धा दिवस सुट्टी मिळाली.

संक्रांतीच्या सुमाराला एक म्हातारी जिना चढून वर आली. वर येऊन आधी दम खाल्ला, मग खुर्ची असताना जमिनीवर बसली. नाव छबुबाई. डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवरून काळीपिवळी जीपने आली होती. दोन लेक, दोन सुना, एक लेक-जावई, सगळे ऊसतोडीला, आणि त्यांची पोरं आणि एक शेळी हिच्याकडे.

"इथं वाढदिवस देतेत का?"

"तुमचा अर्ज हाय का, मावशी? दूध संघाचा?"

"मी कुठलं दूध घालते? शेळीचं पोरंच पितेत."

"फोन?"

"न्हाई."

"मग मेसेज कुठं पाठवायचा?"

"मेसेज काय करू?" छबुबाई म्हणाली. "मला दिवस पायजे. शेजारनीला भेटलाय. तिचा ल्योक तिला लुगडं घेऊन आला."

सिद्धारामने शिवांजलीकडे पाहिलं. शिवांजलीने कॅलेंडर खाली काढलं. तारीख बदलायला आलेले सोडले, तर आजवरचे सगळे आपला दिवस कॉम्प्युटरला ठाऊक आहे असं समजून आले होते. ही पहिलीच, जी दिवस देतात हे धरून मागायला आली होती. सिद्धारामला एकदम हलकं वाटलं. त्याने विचारलं, "कोनता देऊ? तुमाला कधी पायजे?"

छबुबाईने बराच वेळ विचार केला.

"दिवाळीला घरी कोन नसतं. संक्रांतीला नसतं. पोरं पाडव्याला येतेत तवा अंग मोडलेलं असतं, चार दिवस झोपूनच असतेत. मग पेरनी. श्रावनात बरं असतं."

"सोमवार नको," शिवांजली म्हणाली, "उपास असतो."

"राखीला लेक येती माझी. त्येच्या दुसऱ्या दिशी ठिव. मुक्कामाला थांबंल."

शिवांजलीने श्रावणाचं पान काढून पाहिलं. राखीचा दुसरा दिवस, सहा ऑगस्ट. सिद्धारामने यादीत नाव टाकलं, नंबराच्या चौकटीत काहीच टाकता येईना, तर ती मोकळी सोडली. एका कागदावर तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली. छबुबाईने तो चोळीत घातला आणि जाताना विचारलं, "ह्येचे काय देऊ?" शिवांजली म्हणाली, "काय न्हाई, मावशी." ती खाली उतरली आणि मन्मथप्पांकडून पावशेर गूळ विकत घेऊन गेली. म्हणाली, फुकट नको.

उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक झाली. भैय्यासाहेबांनी ज्या बाजूने जोर लावला ती बाजू पडली, आणि त्याबरोबर विधानसभेच्या तिकिटाची आशाही गेली. शुभेच्छा मिळालेल्या लोकांनी भैय्यासाहेबांचा मान ठेवला आणि मतं दुसरीकडे दिली. भैय्यासाहेबांनी सिद्धारामला बोलावलं. चहा पाजला.

"बंद कर ते."

"सगळ्यांचंच?"

"लोकांना काय, वाढदिवस आता पाठ झालेत. मेसेज कशाला?"

सिद्धाराम घरी आला, वर गेला. लाइट होती, त्यामुळे थांबायला कारण नव्हतं. त्याने घड्याळाचं चित्र दाबलं. पाच चौकटी तशाच होत्या. कामाच्या ओळीपुढचं बटण दाबल्यावर सर्व्हरने विचारलं, नक्की काढायचं का? सिद्धाराम बसून राहिला. शिवांजली पोरांना टायपिंग सांगत होती, तिने मागून पाहिलं. मग त्याने हो म्हटलं. ओळ गेली. चौकटी मोकळ्या झाल्या.

भैय्यासाहेब बोलले ते खरं निघालं. मेसेज थांबले, पण लोकांनी वाढदिवस थांबवले नाहीत. पंडितच्या बेकरीसमोर कुणी ना कुणी उभं असायचंच. एक-दोघांनी औंदा मेसेज आला नाही म्हणून चौकशी केली, सिद्धारामने भैय्यासाहेबांची तब्येत बरी नाही असं सांगितलं. क्लास चालूच होता. त्या वर्षी मुलं वाढली आणि त्याने दुसरा कॉम्प्युटर घेतला.

श्रावणात राखी झाली. दुसऱ्या दिवशी सिद्धाराम आणि शिवांजली स्कूटरवरून छबुबाईच्या वाडीला गेले. शिवांजलीच्या मांडीवर पंडितने केलेला केक होता, अंडं न घालता, घाटात खालीवर होऊन एका बाजूला बसलेला. सिद्धारामला आपण का चाललोय ते नीट सांगता आलं नसतं. बोलावणं नव्हतं.

घर भरलेलं होतं. दोन्ही लेक होते, सुना होत्या, लेक राहिली होती, जावईही थांबला होता. छबुबाई नवं हिरवं लुगडं नेसून दारात बसली होती. तिने दोघांना पाहिलं, पण आश्चर्य दाखवलं नाही.

"या. उशीर केलात. जेवून घ्या आधी."

पुरणपोळी होती. जेवणं झाल्यावर केक मधोमध ठेवला. थोरल्या लेकाने विचारलं, "मेणबत्त्या किती लावायच्या? आईचं वय काय धरायचं?" धाकटा म्हणाला साठ, सून म्हणाली सत्तर तरी असतील, लेक म्हणाली माझंच पन्नासाला आलंय. सगळ्यांनी सिद्धारामकडे पाहिलं. सिद्धाराम म्हणाला, "वयाचं मला न्हाई सांगता येनार. माझ्याकडं फक्त दिवस असतो." तेव्हा एकच मेणबत्ती लावली.

छबुबाईने केक कापला, पोरांना वाटला, आणि आपल्या वाट्याचा तुकडा बोटाने चाखून धाकट्या नातीच्या हातात दिला. लई गोड हाय, म्हणाली. मग हात पदराला पुसत सिद्धारामजवळ सरकली आणि हळूच विचारलं,

"ह्यो दिवस पुढच्या साली बदलता येतो का?"

"येतो की, मावशी. कोनता पायजे?"

छबुबाईने घरभर नजर फिरवली. थोरला भिंतीला टेकून सुपारी खात होता. लेक सुनेच्या केसांत तेल घालत होती. जावई झोपला होता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्योच ऱ्हाऊ दे."